देव किती, जेवता काय, आणि जागरणाच्या बकऱ्याचं काय?

पत्र थोडक्यात असं: लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी सहा पानं लिहिली आहेत. वय 54. माहेर गंगाखेडकडचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी. गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. सासरचं कुलदैवत खंडोबा, कुलस्वामिनी तुळजाभवानी. घरात लग्न झालं की जागरण-गोंधळ, आणि जागरणाला बकरं. मुलगा पाच वर्षांपासून जर्मनीत आहे, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न ठरवलंय. डिसेंबरात ती महिनाभर यायची आहे आणि त्यातच लग्न उरकावं असं घरच्यांच्या मनात आहे. तिने मुलाच्या हाती चौदा प्रश्न पाठवलेत: तुमचे देव किती, मुख्य कोणता, ग्रंथ कोणता, पूजा म्हणजे नेमकं काय करता, काय खाता, काय खात नाही, कोणत्या वारी, मला हिंदू व्हावं लागेल का, पाळी आली तर मी काय करायचं. धाकट्या दिरांनी कुठूनतरी पंधरा पानांचं छापील पत्रक आणून दिलं, 'हिंदू शाकाहारी असतात, देव एकच आहे, प्रत्येक रूढीमागे विज्ञान आहे' असं. आणि बजावलं की बकऱ्याचं तिला कळू देऊ नका. 83 वर्षांच्या सासूबाई म्हणतात, बकरं नाही तर जागरण नाही. ताई लिहितात, "तीस वर्षं झाली रोज देवपूजा करायलेय, पण एका प्रश्नाचं धड उत्तर येईना. आपलाच धर्म आपल्याला माहीत नाही याची लाज वाटली. पत्रक पाठवून मोकळी होऊ का?"

ताई,

पत्रक पाठवू नका. का, ते पुढे येईलच. आधी त्या लाजेबद्दल बोलू, कारण तुमच्या सहा पानांत तो शब्द चार वेळा आलाय.

मुलीने प्रश्न मनापासून विचारलेत, ते वाचतानाच कळतं. पण ती ज्या वातावरणात वाढली तिथे धर्म म्हटलं की एक ग्रंथ, एक संस्थापक आणि 'मी अमुक मानतो' अशी म्हणून दाखवायची यादी असते. त्या साच्यात तुमचं घर बसवायला गेलात की रकाने रिकामे राहणारच. उलटं करून बघा. तुम्ही तिला विचारा, "बाई, तुमचं कुलदैवत कुठलं? जावळ कुठं काढता? नवरात्रात घट बसतात का? एकादशी निर्जळ धरता की भगर खाऊन?" तीही गप्प बसेल. तेवढ्यावरून तिला तिचा धर्म ठाऊक नाही असं तुम्ही म्हणाल का?

हिंदू कोण, हे कायद्यालाही सरळ सांगता आलेलं नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा काढून बघा. आधी तो वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाज, आर्य समाज अशी नावं घेतो. मग बौद्ध, जैन, शीख यांनाही त्यात धरतो. आणि शेवटी म्हणतो, जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तो. तुम्ही काय मानता, हे त्याने विचारलंच नाही. कोण नाही ते सांगून सुटका करून घेतली. मग तुम्हाला चुलीपुढे बसून चौदा उत्तरं सुचली नाहीत, यात नवल काय!

'देव किती' हा तिचा पहिला प्रश्न तर अडीच हजार वर्षांहून जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य याज्ञवल्क्यांना हेच विचारतो. ते म्हणतात, तीनशे तीन आणि तीन हजार तीन. बरं, पण खरे किती? तेहेतीस. खरे किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. तो दीड मला फार आवडतो. इतक्या मोठ्या ऋषीलाही देवांची मोजदाद करताना मधे दीडवर थांबावंसं वाटलं. दिरांच्या पत्रकात 'देव एकच' छापलंय ते खोटं नाही, पण त्यांनी शेवटचा आकडा तेवढा उचलला आणि वरची सगळी गंमत सोडून दिली. तिला सगळे आकडे सांगा.

मुख्य देव कोणता, याचं उत्तर तुमच्या देवघरात आहे. तिथे खंडोबाचा टाक आहे, भवानीचा टाक आहे, विठ्ठल-रखुमाई आहेत. शिवाय तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा माहेराहून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आणली असणार. म्हणजे सासरच्या देवघरात माहेरचे देव गेली तीस वर्षं सुखाने नांदताहेत, कुणी कुणाला मुख्य-दुय्यम ठरवलेलं नाही. सोमवारी महादेव मुख्य, शनिवारी मारुती, नवरात्रात भवानी, आषाढात विठोबा. आपल्या मराठवाड्याच्या मातीतच हे आहे. औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि घृष्णेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगं इथे. साडेतीन शक्तिपीठांतली तुळजापूर आणि माहूर ही दोन पूर्ण पीठं इथे. आणि नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ हे विठ्ठलभक्तही इथलेच. विठ्ठलाशिवाय कुणाला न मानणारे नामदेव गुरूच्या शोधात गेले कुठे, तर औंढ्याला, महादेवाच्या देवळात, विसोबा खेचरांकडे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले तर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव बाबा. पुढची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. ती गोष्ट तिला सांगा. पंधरा पानं वाचून जे कळणार नाही ते त्यातून कळेल.

ग्रंथाचंही तसंच. वेद आहेत, उपनिषदं आहेत, सातशे श्लोकांची गीता आहे, 1290 साली नेवाशात सांगितलेली ज्ञानेश्वरी आहे. पण "तुमचा ग्रंथ कोणता" असं ती विचारते तेव्हा खरं उत्तर 'दिवेलागणीला म्हणतो तो हरिपाठ' हे आहे. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, हरिपाठ अख्खा तोंडपाठ. तिला अडाणी म्हणायची माझी छाती नाही.

आणि श्रद्धा? त्या तुमच्या बोलण्यातच आहेत, तुम्हाला त्या वेगळ्या दिसत नाहीत एवढंच. 'ऋणानुबंध असतील' म्हणता, 'कुठल्या जन्मीचं पुण्य' म्हणता, दूध ओतू गेलं की 'कर्म माझं' म्हणता. कर्म, पुनर्जन्म, संचित, सगळं त्यात आलं. जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटणं म्हणजे मोक्ष, हे तिला पुस्तकातही मिळेल. पण वारकऱ्यांची तऱ्हा पुस्तकात चटकन सापडायची नाही: तुकोबांनी मोक्ष नको म्हटलं, नाम घ्यायला पुन्हा जन्माला घाल म्हटलं. माळकरणीच्या तोंडून हे ऐकायला मिळालं तर तिचं भाग्य.

आता पूजा. तिला हे समजावणं तुम्हाला सगळ्यात अवघड वाटलंय, मला ते सगळ्यात सोपं वाटतं. षोडशोपचारांची नावं ओळीने म्हणून बघा: आवाहन, म्हणजे या. आसन, म्हणजे बसा. पाद्य, म्हणजे पाय धुवायला पाणी. मग हातावर पाणी, चूळ भरायला पाणी, अंघोळ, नेसायला वस्त्र, गंध, फुलं, धूप, दिवा, जेवण. शेवटी प्रदक्षिणा, नमस्कार आणि निरोप. उन्हातान्हात कुणी दारात आलं की तुम्ही तांब्या पुढे करता, सतरंजी टाकता, चहा ठेवता आणि जेवल्याशिवाय जाऊ देत नाही, तोच हा क्रम. पूजा म्हणजे देवाचा पाहुणचार. गणपती दीड दिवसाचा पाहुणा, महालक्ष्म्या तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. तुळजापूरला तर देवीला नवरात्राआधी पलंगावर निजवतात, कारण महिषासुराशी लढायचंय, आधी झोप नको का? तिला तुळजापूरला न्याल तेव्हा हे सांगा. परळीलाही न्या, तिथे भाविकांना लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. घृष्णेश्वराला गेलात तर गाभाऱ्यात जाताना मुलाला सदरा काढावा लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी लाजेल.

आता जेवण. इथे जरा पाय मोकळे सोडून बसते, कारण पत्रकातली सगळ्यात मोठी गडबड इथेच आहे.

'हिंदू शाकाहारी असतात.' ताई, हे वाक्य तुमच्याच घरात टिकत नाही! तुम्ही माळकरी. यजमान खातात, पण तुमच्या पत्राप्रमाणे सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण सोडून. सासूबाई देवाच्या प्रसादाचं तेवढं तोंडाला लावतात. मुलगा तिकडे काय खातो हे तुम्ही विचारत नाही आणि तो सांगत नाही. एका स्वयंपाकघरात चार तऱ्हा. देशभराचंही असंच आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या 2021 च्या अहवालात 44 टक्के हिंदूंनी स्वतःला शाकाहारी म्हटलंय, म्हणजे निम्म्याहून कमी. पण त्याच अहवालात भारतातल्या 81 टक्के प्रौढांनी मांसाहाराला काही ना काही बंधन घालून घेतल्याचं सांगितलंय. आपल्या जेवणाची खरी ओळख त्या दुसऱ्या आकड्यात आहे. खाणाराही कधी, कुठे, कुणाचं, कशाचं हे बघून खातो. काश्मिरी पंडितांच्या घरी महाशिवरात्रीला मटण शिजतं. कोकणात काही घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. आणि आपल्याकडे त्याच गौरी महालक्ष्म्या होऊन येतात तेव्हा पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील. कोण चुकतंय? कुणीच नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहार सांगितलाय, त्याचा दाखला दीर देतील. देऊ द्या. त्या श्लोकांत कांदा, लसूण किंवा मटण यातलं एकही नाव नाही. फार तिखट, फार खारट, शिळं, बेचव, उष्टं यांची वर्णनं आहेत. बाकीचं भाष्यकारांनी आणि आपापल्या घरांनी भरलं.

'प्रत्येक रूढीमागे विज्ञान' हेही तिला लिहू नका. ती पुढचा प्रश्न विचारेल आणि तुमची पंचाईत होईल. उपासाचंच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळे मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीजांच्या काळात आणि त्यानंतर आपल्याकडे रुळले. ज्ञानोबांनी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडली नाही. तरी एकादशी खोटी ठरत नाही. त्या दिवशी नेहमीचं ताट बाजूला सरतं, जिभेला आठवण राहते की आजचा वार वेगळा आहे. उपवास म्हणजे जवळ राहणं. एवढं सांगितलंत तरी तिला पुरेल, आणि ते खरंही आहे.

चातुर्मास मात्र समजावून सांगा, कारण खंडोबाच्या घरांत त्याचं शेपूट कधी कधी डिसेंबरापर्यंत लांबतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करणारी घरं आहेत. खंडोबाच्या घरांत वांगं पुढे चंपाषष्ठीपर्यंत बंद. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे देवाला दाखवायचे, तळी भरायची, येळकोट म्हणायचं, मगच वांगं घरात. ती त्याआधी पोहोचली आणि बाजारातली वांगी बघून तिने भाजीला आणा म्हटलं, तर घरात उगाच कुजबुज नको.

गोमांसाचं सरळ एका ओळीत लिहा. गाय-बैल आमच्या घरात येतात ते गोठ्यात. पोळ्याला बैलाच्या तोंडात पुरणपोळी देतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने आणि बैल-वळूच्या कत्तलीला 2015 पासून बंदी आहे. इथे असताना ते मागू नकोस, बस्स. जर्मनीत ती काय खाते याची चौकशी करू नका. मुलाची तर मुळीच करू नका.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. 'आम्ही शुद्ध' म्हणताना दुसरं कुणीतरी अशुद्ध ठरतं. जेवणाच्या पंगतीवरून आपल्याकडे माणसं दूर बसवली गेली. नाथांनी श्राद्धाचं जेवण गावकुसाबाहेरच्यांना वाढलं तेव्हा पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकलं, ती गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो आणि घरी येऊन कुणाला कुठला कप द्यायचा ते ठरवतो. गावात बौद्ध वस्ती असेलच. 1956 नंतर त्यांनी देव्हारे का विसर्जित केले, हे मुलगी विचारेल. तेव्हा विषय बदलू नका.

आणि मुख्य म्हणजे, तिने चौदा प्रश्न विचारले, तुम्ही एक तरी विचारलात का? ती काय खाते? जर्मनीत दूध, दही, तूपही न खाणारे पुष्कळ असतात. ती तशी निघाली तर बकऱ्याचं राहिलं बाजूला, पंचामृताचं काय करणार? पुरणावर तुपाची धार सासूबाई विचारून थोड्याच घालतात! शेंगदाण्याची काहींना जिवावर बेतेल अशी अॅलर्जी असते आणि आपल्याकडे आमटी, चटणी, उसळ, सगळ्यात कूट. हे आजच विचारून घ्या.

आता बकरं.

दिरांना वाटतं, मांस खाणारं घर बघून ती नाक मुरडेल. मला उलटं वाटतं. तिच्या देशात मांसाचं कुणाला अप्रूप नाही, तिला दारात कापलेलं बघायची सवय नसेल. म्हणजे लपवायची गोष्टच चुकीची निवडलीय. शिवाय खेड्यात बकरं लपतं का? गल्लीतली पोरंच आधी जाऊन सांगतील.

तुम्ही तीस वर्षं माळ घालून या घरात राहिलात. बकरं शिजलं तेव्हा तुमची चूल वेगळी, भांडी वेगळी. तुम्ही भाकरी थापून दिल्यात, रश्श्याला हात लावला नाहीत, आणि देवाला हळद-भंडारा वाहिलात. कुणी भांडलं नाही. तिने विचारलंय, 'हिंदू काय खातात'. त्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला तरी कुठल्या पुस्तकात भेटलं नाही.

खंडोबाचं आख्यानही तिला सांगा. मणी आणि मल्ल दैत्य मारले, मरताना मणीला उपरती झाली, त्याने देवापाशी जागा मागितली आणि बकऱ्याचा नैवेद्य मागितला. म्हणून खुद्द मल्हारीला पुरणाचा किंवा भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि बकरं त्या शरण आलेल्या मणीचं, असं पुष्कळ घरं मानतात. तुमच्या घरी काय मानतात हे सासूबाईंना विचारा. 'करायचं की नाही' असं विचारू नका, ते त्या ऐकूनच घेणार नाहीत. विचारा, 'आत्याबाई, तुमच्या लग्नात जागरण कसं झालं होतं?' म्हातारी माणसं हुकमापेक्षा आठवणीला लवकर वळतात. कदाचित कळेल की दुष्काळात एकदा नारळावर भागवलं होतं, देव काही कोपला नव्हता.

मार्ग तसे तीन दिसतात. रीत आहे तशी करायची, पण कापणं शेतावर, पहाटे, आणि मुलीला आधी सांगून. तिला यायचं तर येईल, नाही तर तुमच्याबरोबर पुरण वाटत बसेल. दुसरा, बकरं देवाच्या नावाने सोडून द्यायचं. तिसरा, नारळ फोडून भरीत-रोडग्यावर जागरण करायचं. दुसऱ्या-तिसऱ्याकडे घर झुकत असेल तर जागरणाला येणाऱ्या वाघ्याला आणि देवळातल्या गुरवाला आधी विचारा. पर्याय कसा मांडायचा हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं आणि सासूबाई त्यांचं ऐकतील.

माझं मत विचाराल तर मला तिसरा मार्ग आवडेल, मीही माळकऱ्याच्या घरची. पण एक अट. बदल करायचा तर तो सुनेच्या नावावर करू नका. 'गोरी सून आली आणि देवाचं बंद पडलं' हे वाक्य एकदा गावात फिरलं की पुढे म्हैस आटली तरी बोट तिच्याकडे जाईल. करायचंच असेल तर ती यायच्या आधी, तुमच्या आणि यजमानांच्या नावाने, तुळजापूरला आणि खंडोबाला जाऊन सांगून करा. तेवढी हिंमत आत्ता होत नसेल तर या वेळी रीत आहे तशी राहू द्या आणि तिला खरं सांगा.

राहिलेले दोन प्रश्न पटकन. हिंदू व्हावं लागेल का? 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म न बदलता लग्न होतं. हिंदू विवाह कायदा मात्र दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, त्यामुळे नुसता अंतरपाट धरून, अक्षता टाकून तुमचं काम कायद्याने पुरं होणार नाही. आणि तो विशेष कायदा नोटिशीसाठी तीस दिवस मागतो, शिवाय नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं. मुलगी आणि मुलगा महिनाभरच येणार, म्हणजे हिशोब बसत नाही. पुष्कळ जण कायद्याचं लग्न तिकडे करून इथे विधी करतात. मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम देण्याआधी वकिलाला भेटा.

पाळीचं तुम्ही ठरवा, पण आजच ठरवा. माझ्या घरी बाजूला बसणं मी माझ्या सुनेच्या वेळी बंद केलं. सासूबाई हयात होत्या, आठवडाभर बोलल्या नाहीत, मग बोलल्या. तुमच्या घरी देवघरापुरतं पाळत असाल तर तसं तिला आधी लिहा. तिने निदान विचारलं तरी. ऐन पूजेत कुणीतरी हात धरून मागे ओढलं तर ते ती जन्मभर विसरणार नाही.

लिहायचं कसं? लिहूच नका. फोनवर बोलून रेकॉर्ड करा, रोज एक प्रश्न, तुमच्या बोलीत. मुलगा तिला तिच्या भाषेत सांगेल. (त्यालाही अर्ध्या गोष्टी पहिल्यांदाच कळतील, पैज लावते.) प्रत्येक उत्तराची सुरुवात 'हिंदू धर्मात' अशी नको, 'आमच्या घरी' अशी करा. हे शब्द धरलेत की तुम्ही चुकूच शकत नाही. जिथे कारण माहीत नाही तिथे 'सासूबाईंनी शिकवलं म्हणून करते' म्हणा. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या डिसेंबरच्या पानाचा फोटो काढून पाठवा. त्यावर कुठल्या दिवशी घरात काय शिजणार नि काय नाही ते पेनाने लिहा. तिच्या खाण्याच्या पाच प्रश्नांचं उत्तर त्या एका पानावर मावेल. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरी केरळची, पंजाबची किंवा शेजारच्याच पण दुसऱ्या जातीतली सून येतेय, त्यांनीही हाच फोटो पाठवावा. तिलाही तुमची एकादशी ठाऊक नसते.

आणि तिची परतीची तारीख मुलाला विचारून घ्या, वेळअमावस्या गाठता येत असेल तर दोन दिवस इकडे-तिकडे करा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आपल्याकडे गाव रिकामं आणि शेतं भरलेली असतात. कडब्याची कोप, त्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, माठातली आंबील. खाणारी घरंही त्या दिवशी मटणाचं नाव काढत नाहीत. आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवतात, जात विचारत नाहीत. पूजा म्हणजे काय, हा तिचा चौथा प्रश्न तिथे बांधावर बसून सुटेल. तिला हाताने पांडवांपुढे नैवेद्य ठेवू द्या, चर शिंपायला पुढे पाठवा. आंबील पहिल्यांदा देताना मात्र वाटी अर्धीच भरा, आणि ती पुरे म्हणाली तर 'घे गं अजून थोडी' म्हणून ओतू नका असं सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.